"बाई, मोठा कधी येणार?" : थळच्या किनाऱ्यावर भूकंप शिकवताना



भूगोलाच्या तासाला नकाशा लावत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाय, मंग मोठा कवा येल?" आधी मला कळेचना. मग कळलं, आदल्या रात्री गावातल्या प्रत्येक मोबाइलवर अरबी समुद्राचा एक नकाशा फिरला होता. त्यावर लाल ठिपका, पाचाच्या पुढचा कुठलासा रिश्टरचा आकडा आणि खाली वाक्य: "हा तर लहान होता, मोठा यायचा आहे, कोकण किनाऱ्याने सावध राहावे." मधल्या सुट्टीत दोन आया मुलांना घरी न्यायला आल्या. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. घर पाण्यापासून शंभर पावलांवर, नवरा होडीवर. भीती वाटणारच.

मग तो तास आणि पुढचे तीन तास मी याच प्रश्नावर घालवले. किनाऱ्यावरच्या इतर शाळांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडते.

आधी मुलांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. लहान भूकंप झाला म्हणून मोठा येणार, हे खरं नाही. लहान झाला म्हणजे जोर निघून गेला, आता मोठा येणार नाही, हेही खरं नाही. मुलांना हे पटत नाही, मोठ्यांनाही नाही. त्यासाठी महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा.

किल्लारी परिसरात १९९२ साली लहान लहान धक्के बसले होते. लोक घाबरले, मग धक्के थांबले, लोक विसरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाची रात्र उलटत असताना, ६.२ चा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

दुसरं उदाहरण पालघर जिल्ह्यातलं. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले ते थांबेचनात. हजारो झाले. लोक थंडीत घराबाहेर झोपले, मुलांचे वर्ग उघड्यावर भरले. त्यातला मोठ्यात मोठा धक्काही चारच्या आसपासच राहिला. मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्का बसताच घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी दगावली.

दोन्हीकडे सुरुवात सारखी, पुढचं सगळं वेगळं. कॅलिफोर्नियात भूकंपांच्या नोंदी फार दाट आहेत. तिथला अनुभव असा की शंभर भूकंपांपैकी पाच-सहांच्याच मागोमाग, थोड्या दिवसांत, त्याहून मोठा येतो. ते पाच-सहा कुठले हे आधी ओळखण्याची युक्ती जगात कुणाकडेही नाही. म्हणून तारीख किंवा आठवडा सांगणारा निरोप आला की तो तिथेच पुसायचा, एवढं मुलांना ठामपणे सांगा.

आता "जोर निघून गेला" या समजुतीकडे. मी वर्गात तांदूळ नेले होते. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. टेबलावर एक दाणा ठेवला, हा पाचचा भूकंप. शेजारी ३२ दाणे, हा सहाचा. सातचा म्हणजे ३२ गुणिले ३२, साधारण हजार दाणे, एक मूठभर. आणि आठचा म्हणजे सुमारे ३२ हजार दाणे, अर्ध्या किलोहून जास्त. तो मी डब्यातून ओतला तेव्हा वर्ग गप्प झाला. ८.१ चा हिशोब केला तर पाचचे साधारण ४५ हजार भूकंप लागतात. रोज एक पाचचा भूकंप झाला तरी १२० वर्षांच्या वर जातील. तेव्हा एखाद्या मध्यम धक्क्याने मोठ्याचा जोर ओसरतो, ही कल्पना या डब्यासमोर टिकत नाही. (तांदूळ मोजायला आम्ही वजनकाटा वापरला. कुणी ३२ हजार दाणे मोजायला बसवू नका, मुलं बसतील!)

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठा भूकंप केव्हा हे कळत नाही, पण कुठून येऊ शकतो हे बरंच कळतं. आणि थळसाठी ती ठिकाणं दोन वेगळ्या जातींची आहेत. आपण सरावाच्या वेळी दोन्हींची खिचडी करतो.

पहिली जात जमिनीतली, जवळची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला सहाच्या पुढचा भूकंप झाला, तो मुंबईपर्यंत जाणवला. सुमारे १८० माणसं गेली. घरातल्या आजी-आजोबांना विचारलं तर त्या पहाटेची भांडी पडल्याची आठवण अजून निघते. आपल्या रायगडातही जमीन अगदी निवांत नाही. पनवेलच्या बाजूने उत्तर-दक्षिण अशी एक वाकण आहे, तिच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या लाव्हाचे थर समुद्राकडे कललेले आहेत. पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं साव इथली गरम पाण्याची कुंडं मुलांनी सहलीत पाहिलेली असतात. खडकातल्या खोल भेगांमधूनच ते पाणी वर येतं. २००२ च्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात मुंबई आणि आपला किनारा तिसऱ्या श्रेणीत आहे, कोयना चौथ्या. म्हणजे मध्यम धोका. शून्य नव्हे.

या जातीच्या भूकंपात इशारा मिळत नाही. हादरा बसतो, दहा-वीस सेकंदांत जे व्हायचं ते होतं. लाट वगैरे काही येत नाही. इथे मुलांनी काय करायचं? जिथे आहे तिथे खाली बसायचं, बाकाखाली डोकं घालायचं, बाकाचा पाय धरून ठेवायचा. हादरा चालू असताना दाराकडे पळायचं नाही. थळमध्ये पळणाऱ्याच्या डोक्यावर काय पडेल ते एकदा मुलांसोबत फिरून बघा: मंगलोरी कौलं, गच्चीवरची पाण्याची टाकी, जुनं दगडी कुंपण, वाडीतले नारळ. आम्ही शाळेच्या आवारात असं फिरलो तेव्हा मुलांनी मला न दिसलेल्या तीन गोष्टी दाखवल्या. त्यातली एक वर्गातच होती, भिंतीला न ठोकलेलं लोखंडी कपाट. ते आता ठोकलं आहे.

दुसरी जात समुद्रातली, दूरची.

मोबाइलवर "अरबी समुद्रात भूकंप" म्हणून जे ठिपके येतात त्यातले पुष्कळसे कार्ल्सबर्ग नावाच्या समुद्राखालच्या डोंगररांगेवरचे असतात. ती आपल्यापासून दीड हजार किलोमीटरहून दूर आहे. तिथे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब सरकतात नाहीतर एकमेकांना घासत जातात. तिथे पाचचे भूकंप नेहमीचेच. समुद्राचा तळ फारसा वर उचलला जात नाही, म्हणून मोठी लाट उठत नाही. नकाशावर ठिपका कुठे आहे हे बघायला मुलांना शिकवा. आकड्याइतकंच ठिकाणालाही महत्त्व आहे.

खरी काळजी आहे ती वायव्येच्या मकरान किनाऱ्याची, पाकिस्तान-इराणच्या दक्षिणेला. तिथे अरबी समुद्राचा तळ हळूहळू आशियाच्या खाली सरकतो आहे. अडकतो, अडकतो आणि कधीतरी सुटतो. सुटला की तळ उचलला जातो, वरचं पाणीही. या भागात मधूनमधून मध्यम भूकंप होतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पसनीजवळ समुद्रात ६.३ चा झाला, तेव्हाही "मोठा येणार का" हीच चर्चा झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच मुलखात जमिनीवर ७.७ चा झाला आणि ग्वादरसमोर समुद्रातून चक्क चिखलाचं एक बेट वर आलं. मुलांना हे सांगाच, डोळे मोठे होतात. (एका मुलाचा प्रश्न: "उंदेरीपण अशीच आली का?" नाही. उंदेरी आणि खांदेरी काळ्या खडकाच्या, सह्याद्रीच्याच जातीच्या.)

आणि आता १९४५. तो साल थळच्या प्रत्येक मुलाला माहीत असला पाहिजे असं माझं मत आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, आपल्या घड्याळाने ३ वाजून २६ मिनिटांनी, मकरानच्या समुद्रात ८.१ चा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठला लाट मुंबईच्या किनाऱ्याला पोहोचली, उंची सुमारे दोन मीटर. नांगरलेल्या होड्या सुटून गेल्या आणि पंधरा माणसं वाहून गेली. मुंबई आपल्यापासून खाडीपलीकडे, थळच्या किनाऱ्यावरून रात्री दिवे दिसतात एवढ्या अंतरावर.

मुलांना इथे थांबवा आणि वजाबाकी करायला लावा. ३.२६ ते ८.१५, किती झाले? ४ तास ४९ मिनिटं. इतका वेळ का लागला? यातलं गणित सुंदर आहे, आठवी-नववीला सहज जमतं. लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली मीटरमध्ये घ्या, तिला ९.८ ने गुणा, वर्गमूळ काढा, तो मीटर प्रति सेकंद वेग. खोल समुद्र ३,००० मीटर धरला तर वेग येतो सुमारे १७१, म्हणजे ताशी ६१७ किलोमीटर. विमानाच्या जवळपास! पण मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून जवळजवळ ३०० किलोमीटरपर्यंत तळ हळूहळूच उतरतो. बॉम्बे हायच्या तेलविहिरी एवढ्या आत आहेत, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास. ७५ मीटरला वेग येतो सुमारे २७, म्हणजे ताशी ९८ किलोमीटर. एसटीपेक्षा जरा जास्त.

मकरान ते मुंबई अंतर साधारण १,२०० किलोमीटर. त्यातले ९०० खोल पाण्यातले, ते दीड तासात. उरलेले ३०० उथळ पाण्यातले, त्याला तीन तास. एकूण साडेचार तास. प्रत्यक्ष लागले पाच तासांना थोडे कमी. आमच्या वर्गात हे उत्तर आलं तेव्हा एका मुलीने स्वतःहून टाळ्या वाजवल्या. बाहेरचा तो पसरट उथळ समुद्र आपल्याला वेळ मिळवून देतो. मासळीही त्याच्यामुळेच मिळते, हे कोळीवाड्यातल्या मुलांनी मला सांगितलं.

म्हणजे काय झालं बघा. जवळच्या भूकंपात हादरा आहे, वेळ नाही, लाट नाही. दूरच्या भूकंपात लाट आहे, वेळ भरपूर आहे, पण थळला हादरा जाणवेलच असं नाही. इंटरनेटवरचे जपानी व्हिडिओ मुलांना सांगतात की जोरात हादरलं की समुद्रापासून पळा. जपानच्या किनाऱ्याला ते बरोबर आहे, तिथे भूकंप दाराशी होतो आणि लाट काही मिनिटांत येते. आपल्या मुलाने तेच पाठ केलं तर कोयनेसारख्या हादऱ्यात ते वर्गातून बाहेर कौलांखाली पळेल, आणि मकरानच्या लाटेच्या दिवशी हादराच नाही म्हणून किनाऱ्यावर खेळत राहील. दोन्हीकडे चूक. म्हणून सराव दोन वेगळ्या दिवशी घ्या, दोन नावांनी घ्या. आमची मुलं त्यांना "बाकाचा सराव" आणि "भरतीचा सराव" म्हणतात.

पाच तास असले तरी ते कळायला हवेत. त्यासाठी हैदराबादला इन्कॉइस या सरकारी संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ पासून ते चालू आहे. हिंदी महासागरात ६.५ किंवा त्याहून मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत त्यांचं पहिलं पत्रक निघतं, पुढे जिल्हा प्रशासनापर्यंत येतं. मोबाइलवर नकाशा आला की त्यांचं पत्रक आहे का हे बघायचं, एवढी एक सवय घरात लावली तरी पुष्कळ झालं. जाता जाता एक गैरसमज. अलिबागची वेधशाळा भूकंप सांगते असं गावात बरेच जण धरून चालतात. ती चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय यंत्रं १९०४ मध्ये इथे हलवली. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणं हे तिचं काम. सहल जरूर न्या, पण भूकंपाची तारीख विचारू नका.

इशाऱ्याखेरीज आपल्या मुलांकडे आणखी एक गोष्ट आहे जी शहरातल्या मुलांकडे नाही. पुस्तकात लिहितात, "समुद्र अचानक मागे गेला तर धोका समजा." आता अलिबागला ओहोटीत लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात! समुद्र मागे जाणं हे आपल्याकडे रोजचं. मग अचानक म्हणजे काय? म्हणजे वेळ सोडून. आणि वेळ आपल्या मुलांना येते: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी, चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती. सप्तमीला सव्वापाच. अष्टमीला सहा. घड्याळ येण्याआधीपासून कोळीवाड्याचा दिवस यावर चालतो.

हाच हिशोब २८ नोव्हेंबर १९४५ ला लावून बघा. त्या वेळी पौर्णिमा होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. अष्टमी-नवमी धरली तर भरती सहा ते पावणेसातची. भांगाची भरती, उधाणाची नव्हे. सव्वाआठला पाणी ओसरायला लागलेलं असणार. ओसरत्या पाण्यात समुद्र वर चढला. किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला हे विचित्र दिसलंच असेल. वर्गात मी विचारलं, "तुम्ही तिथे असता तर?" एक मुलगा म्हणाला, "आजा बोलला असता, ही भरती आपली नाय." मी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

पळायचं कुठे, यावर बराच वाद झाला. अर्धा वर्ग कनकेश्वराच्या डोंगरावर निघाला होता. दोन मीटरच्या लाटेसाठी डोंगर चढायची गरज नाही. किनाऱ्यापासून आत, उंच जागी किंवा पक्क्या सिमेंटच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेलं तरी चालतं. लाट मात्र एक नसते, एकामागून एक येतात, काही तास येतात, आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही. खाली उतरायची घाई नको.

अवघड प्रश्न होड्यांचा. "बाबा समुद्रात असले तर?" यावर मी खोटा धीर दिला नाही. खोल पाण्यात लाट होडीखालून जाते, कळतही नाही. धोका किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी. तेव्हा बाहेर असलेल्या होडीने बंदराकडे धाव घ्यायची नाही, वायरलेसवर तटरक्षक दलाचं ऐकायचं. आणि किनाऱ्यावर असलेल्या माणसाने सुटलेली होडी धरायला पाण्यात उतरायचं नाही. हे शेवटचं सांगताना माझाच आवाज बसला. होडीवर कर्ज असतं, आणि होडी वाहून जाताना कोण हात बांधून उभा राहील? मुलांनी घरी विचारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सांगितलं, "बाबा म्हणाले, बघू." एवढंच. पालकांनो, हा विषय आपण घरी बोलायला हवा, तो वर्गात सुटणारा नाही.

थळच्या मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आरसीएफचं काय? खतासाठी अमोनिया लागतो आणि कारखाना गावाला लागून आहे. अशा कारखान्यांसाठी बाहेरच्या आपत्तीचा आराखडा असणं कायद्याने बंधनकारक आहे. जिल्हा प्रशासन तो तयार करतं. शाळांनी त्यातला आपल्यापुरता भाग मागून घ्यावा: भोंगा कसा वाजतो, कुठे जमायचं. मुलांना दोन गोष्टी पुरतात. वारा कुठून येतोय ते बघून त्याच्या आडव्या दिशेने निघायचं. आणि अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून नाकातोंडावर ओला रुमाल धरायचा. वारा कुठून येतो हे आमच्या मुलांना विचारावं लागत नाही.

आणखी एक निरोप अधूनमधून येतो, तोही निकालात काढून टाकते. "मुंबईत १६१८ साली महाभूकंप झाला होता, चारशे वर्षं झाली, आता पाळी आली." मे १६१८ मध्ये मुंबई-वसई भागात भयंकर संहार झाला, ही गोष्ट खरी. भूकंपांच्या जुन्या याद्यांत तो शिरलाही. पण पुढे जुने वृत्तांत नीट वाचल्यावर अभ्यासकांनी दाखवलं की ते वादळ होतं. मे महिना, समुद्र, वारा. निसर्ग वादळ पाहिलेल्या आपल्या मुलांना ते लगेच पटतं.

आता गृहपाठ. मुलांना पुढच्या रविवारी तीन गोष्टी करून आणायला सांगितल्या आहेत, तुम्हीही देऊ शकता. घरातल्या किंवा आळीतल्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारा, समुद्र वेळ सोडून चढल्याचं काही ऐकलं आहे का, आणि ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत लिहा. घरापासून उंच पक्क्या जागेपर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते मोजा, आजीला सोबत घेऊन मोजा. आणि सात दिवस तिथीवरून भरतीची वेळ काढून किनाऱ्यावर जाऊन ताळा बघा. पहिल्याच दिवशी माझा हिशोब चुकला. मी सांगितली त्यापेक्षा भरती अर्धा तास उशिरा आली. मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, "बाय, तुमी कालची तिथी धरलीव."